अपग्रेडनंतर उबुंटू सुरू होत नाही? फॉरमॅट मारू नका

‘अपग्रेड फसलं, आता फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही’ हा समज उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब विनाकारण पुसले जातात याचं फार वाईट वाटतं.

काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ दिसलं की डिस्क गेली असं वाटतं. पण अनेकदा ती ठणठणीत असते. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर ‘इनिट्रॅमएफएस’ नावाच्या फाइलमध्ये असतात. बूटचं (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, जुन्या कर्नलांनी भरलेलं असलं, की नव्या कर्नलसाठी ही फाइल पूर्ण तयारच होत नाही. मग त्या कर्नलला रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग, सापडत नाही.

उबुंटू आधीचा कर्नल सहसा ठेवूनच देतं. मशीन सुरू होताना ग्रबचा (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू यावा म्हणून एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा). एस्केप सारखं दाबत राहिलात तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची ओळ) येतो, म्हणून एकदाच दाबा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा आवृत्ती क्रमांक निवडा. आत शिरलात की नको असलेले जुने कर्नल काढून जागा करा, इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा, ग्रब अपडेट करा.

मेनूच येत नसेल तर उबुंटूच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ निवडा आणि आधी फाइली दुसरीकडे कॉपी करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड लागेल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र मशीन लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.