गोरोगोरोतला मका आणि बावीस शिलिंग

पश्चिम केनियातल्या बाजारात मका किलोने मागत नाहीत. तिथलं माप म्हणजे ‘गोरोगोरो’, मूळचा स्वयंपाकाच्या तुपाचा पत्र्याचा डबा, साधारण सव्वादोन किलो मका मावणारा. व्यापारी ९० किलोची पोती उघडून शेजारी शेजारी बसलेले असतात. गिऱ्हाईक एका पोत्यावरून दुसऱ्यावर जातं, दाणे ओंजळीत घेऊन बघतं आणि डबा भरून घेतं. भाव मात्र सगळ्यांचा जवळपास एकच.

आता हा भाव एकच का? एक शक्यता अशी, की चढाओढ इतकी कडक आहे की कुणाला एक शिलिंग जास्त लावायची सोय नाही. दुसरी अशी, की सकाळी चहा पिताना सगळ्यांनी मिळून तो ठरवलाय. गंमत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बाजार अगदी सारखे दिसतात. व्यापाऱ्याला विचारावं तर तो डिझेल, खड्डे, हमाली यांचा पाढा वाचतो, आणि तो खोटाही नसतो. ‘मधले लोक खातात’ हे म्हणायला सोपं आहे. मापातलं पाप डब्याकडे बघून पकडता येतं, भावातलं कसं पकडायचं?

लॉरेन बर्गक्विस्ट आणि मायकेल डिनरस्टीन या अर्थशास्त्रज्ञांनी यासाठी औषधाच्या चाचण्यांची रीत वापरली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही बाजार निवडले आणि तिथल्या व्यापाऱ्यांना विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे पैसे दिले, म्हणजे त्यांचा खर्च मुद्दाम कमी केला. मग बघत राहिले, गिऱ्हाइकाचा भाव किती उतरतो. चढाओढ खरी असेल, तर खर्चात वाचलेले १०० शिलिंग जवळजवळ सगळेच भावातून गिऱ्हाइकापर्यंत पोचायला हवेत, कारण जो उतरवणार नाही त्याचं गिऱ्हाईक शेजारी पळवेल. पोचले १०० पैकी फक्त २२.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. भाव घटल्यावर लोक किती जास्त मका घेतात, त्यावरही हा आकडा हलतो. म्हणून दुसरा प्रयोग केला तो गिऱ्हाइकांवर. त्यांना वेगवेगळी सूट देऊन मागणी कशी वाढते ते मोजलं. दोन्ही मोजमापं जोडल्यावर चित्र उभं राहिलं ते असं, की अनेक व्यापाऱ्यांचा बाजार जणू एकाच मालकाचं दुकान असल्यासारखा चालतो. खर्चावर चढवलेला नफा, म्हणजे मार्कअप, मध्यक (निम्म्यांचा त्याहून जास्त, निम्म्यांचा कमी) धरला तर, ३९ टक्के. हा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आकडा वाचताना मात्र सावध राहावं लागतं. सिएरा लिओनमध्ये कोको विकत घेणाऱ्या काही व्यापाऱ्यांना असाच जादा पैसा देऊन पाहिला होता. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात त्यांच्यात आणि इतरांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे तिथंही संगनमत? नाही. ते व्यापारी शेतकऱ्यांना आगाऊ उचल जास्त देऊ लागले होते. चढाओढ होती, फक्त ती भावाऐवजी उसनवारीत चालली होती.

केनियातला तिसरा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. संगनमत मोडायचं तर नवे व्यापारी आणा, हा पाठ्यपुस्तकी उपाय. संशोधकांनी बाहेरच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊ करून नव्या बाजारात बोलावलं. बऱ्याच जणांनी पैसे मिळत असूनही यायचं नाकारलं. जे आले, त्यांच्यामुळे भावाला जेमतेम धक्का लागला. व्यापाऱ्यांची डोकी वाढली म्हणजे चढाओढ वाढली असं नव्हे. शिवाय नव्या बाजारात उतरायचं तर मुळातला एकरकमी खर्च मोठा, म्हणून मार्कअप भरघोस दिसला तरी व्यापारी गडगंज झालाय असंही समजू नये.

मग शेतकऱ्याच्या भावाला लागलेलं कुलूप आहे कुठं? बऱ्याचदा साठवणीत. सुगीत सगळ्यांचाच मका बाजारात येतो तेव्हा भाव पडलेला, आणि काही महिन्यांनी तोच शेतकरी चढ्या भावानं मका विकत घेतो, कारण सुगीत रोकड हवी होती. केनियातच सुगीच्या वेळी कर्ज देऊन पाहिलं, म्हणजे पोती घरात ठेवता यावीत. कर्जाच्या रकमेवर सुमारे २९ टक्के परतावा निघाला. ज्या भागात पुष्कळ जणांनी कर्ज घेतलं तिथं हंगामातला भावाचा चढउतारच कमी झाला, त्यामुळे कर्ज न घेतलेल्यांचाही थोडा फायदा झाला.

दक्षिण आफ्रिकेत हेच कुलूप कोर्टात पोचलं. सेनवेस ही पूर्वीची सहकारी संस्था, पुढे कंपनी झाली. धान्य साठवायचे सायलो तिचे आणि धान्याचा व्यापारही ती करायची. साठवणीचं भाडं रोजचं, पण १०० दिवसांनंतर ते थांबायचं. मे २००३ पासून ही सवलत शेतकऱ्यांना राहिली, इतर व्यापाऱ्यांची काढली. म्हणजे १०० दिवस उलटून गेलेला मका परक्या व्यापाऱ्यानं घेतला की त्याचं मीटर चालू, आणि सेनवेसच्या स्वतःच्या व्यापारी विभागाला ती झळ नाही. त्यामुळे ती शेतकऱ्याला थोडा जास्त भावही देऊ शकत होती. आजच्या विक्रीत शेतकरी खूश, पण मका विचारायला येणारी बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून गळणार.

स्पर्धा न्यायाधिकरणानं २००९ मध्ये कंपनीला दोषी धरलं. अपिलात ते उलटलं, वाद मुख्यतः नावावरून. या प्रकाराला ‘मार्जिन स्क्वीझ’ म्हणतात आणि मूळ तक्रारीत तो शब्दच नव्हता. नाव काय दिलं यापेक्षा काय केलं ते तक्रारीत आहे ना, असं म्हणत घटना न्यायालयानं २०१२ मध्ये अपिलातला निर्णय फिरवला. तोवर भाडं बदलल्याला नऊ हंगाम झाले होते.