‘आवाज कुणाचा?’ची नोंदणी का अडते

अ‍ॅम्प्लिफायर जुळवणारा किंवा बेसचे बॉक्स बांधणारा सोलापूरचा कारागीर ट्रेडमार्कचा विषय निघाला की घोषवाक्य नव्हे, आधी चित्र शोधतो. मोर, वाघ, कर्णा, काहीतरी. त्याचं फारसं चुकत नाही. गिरण्यांच्या या गावाला माल ओळखायची सवय ‘छाप’ आणि ‘मार्का’ यांवरूनच लागली आणि कायद्याच्या मराठीनेही ‘व्यापारचिन्ह’ म्हणून चिन्हच पुढे केलं. कायद्याच्या व्याख्येत आजही ‘तिकीट’ हा शब्द आहे, म्हणजे कापडाच्या ताग्यावर चिकटवायचं ते रंगीत तिकीट. नाव, शब्द, अक्षर, अंक, रंगांची जुळणी हेही आहे. ‘घोषवाक्य’ हा शब्द मात्र नाही. ते आत शिरतं शब्दांचा समूह म्हणून, मागच्या दाराने.

आवाजाच्या धंद्यात चित्र आणि शब्द तसे पहिल्यापासून एकत्र नांदले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतलं आणि चित्राचं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे तीन शब्दी इंग्रजी नावच पुढे तबकड्यांचं नाव झालं. आपल्याकडे नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा, दुसरा १९५८ चा. दुसऱ्यात नोंदणी सात वर्षांची आणि फक्त वस्तूंसाठी होती. स्पीकर विकणाऱ्याला वाव होता, स्पीकर भाड्याने देणाऱ्याला नव्हता. आजचा कायदा १९९९ चा, पण तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. सोलापुरी चादरीला ज्याचा आधार मिळाला तो भौगोलिक मानांकनाचा कायदाही त्याच दिवशी लागू झाला. चादरीचा गाजावाजा झाला, ट्रेडमार्कच्या कायद्याकडे गावाचं लक्ष गेलं नाही.

खरी कटकट आहे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची. मालाचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग एवढंच सांगणारे शब्द एकट्याच्या नावावर करता येत नाहीत. आता स्पीकरचं घोषवाक्य दुसरं काय सांगणार? ‘दमदार आवाज, दणकट बेस’ लिहिलं की ते वर्णन ठरतं. ‘आवाज कुणाचा?’ घ्यावं, तर एकांकिका स्पर्धांपासून प्रचारफेऱ्यांपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी, मग ते एका दुकानाची ओळख कसं ठरणार? याच कलमात एक पळवाट आहे. अर्जाच्या तारखेआधीच वापरामुळे ते शब्द ग्राहकांच्या मनात त्या मालाशी जोडले गेले असतील, तर आक्षेप टिकत नाही. दिसायला न्याय्य. पण ही जोडणी सिद्ध होते जाहिरातींच्या खर्चाने, बिलांनी, वर्षानुवर्षांच्या विक्रीच्या आकड्यांनी. टीव्हीवर वर्षभर तेच वाक्य वाजवणाऱ्याला हा पुरावा आपोआप मिळतो. दुकानाच्या पाटीवर आणि टेम्पोच्या मागे रंगवणाऱ्याने तो कुठून आणावा? २०१७ च्या नियमांनी तर आधीच्या वापराचा दावा करायचा असेल तर कागदपत्रांसह प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच मागितलं.

त्यातून ‘मग कॉपीराइट घेऊ’ हा सल्ला कुणीतरी देतोच. एका शीतपेयाच्या हिंदी घोषवाक्यावरून दोन बड्या कंपन्या भांडल्या, तेव्हा २००३ मध्येच दिल्लीच्या न्यायालयाने प्रथमदर्शनी सांगितलं की जाहिरातीच्या घोषवाक्याला कॉपीराइटचं संरक्षण नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा दावा शक्य आहे, एवढीच वाट उरली.

वर्गाचा घोळ वेगळा. नोंदणी होते ती माल आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, हेडफोन वर्ग ९ मध्ये, दुरुस्ती ३७ मध्ये, विक्रीचं दुकान ३५ मध्ये, तर कार्यक्रमाला साउंड लावून वाजवणं ४१ मध्ये. सोलापुरात हे चारही उद्योग पुष्कळदा एकाच गाळ्यात चालतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क ४,५०० रुपये, पण ते दर वर्गाला.

मधल्या काळात गंमत अशी की शब्दांपेक्षा नुसता सूर सोपा झाला. २००८ मध्ये एका इंटरनेट कंपनीच्या योडेलची, म्हणजे गळ्याने चढउतार करत गायलेल्या आरोळीची, ध्वनिचिन्ह म्हणून नोंद झाली आणि २०१७ पासून ३० सेकंदांपर्यंतची एमपीथ्री फाइल जोडून असा अर्ज करता येतो.

घोषवाक्य तेलुगू किंवा कन्नड लिपीत असेल, आणि सोलापूरच्या पूर्व भागात ते सहज असू शकतं, तर लिप्यंतर आणि भाषांतर द्यावं लागतं. तपासणी अहवालाला उत्तर एका महिन्यात. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर हरकतीला चार महिने. नोंदणी झाली तर दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. तोवर नावापुढे ‘टीएम’ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्तुळातला ‘आर’ ही नोंदणी झाल्याची खूण, ती मात्र नोंदणीआधी रंगवून घेऊ नये. पेंटर विचारत नाही, कायदा विचारतो.