कोयनेचं अवजल: पार्श्वभूमी

कोयनेवर वीज करायची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या आसपासची. एका खासगी कंपनीने पाहणीही केली होती, पण पुढे काही झालं नाही. प्रत्यक्ष काम १९५०च्या दशकात सुरू झालं आणि १९६२मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरू लागली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल इथे वेगळं सांगायला नको. धरणाच्या भिंतीला तडे गेले, ती टिकली, नंतर मजबूतही केली गेली.

मात्र गेली पन्नास वर्षं भांडण चाललंय ते पाण्यावरून, आणि त्याच्या मुळाशी 'अवजल' हा शब्द आहे.

महाबळेश्वरहून दक्षिणेला येणारी कोयना हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरण या वळणाशीच आहे. तिथून पश्चिमेला सह्याद्री सरळ कोकणात तुटतो. नवजाजवळ बोगद्यात शिरलेलं पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं. तेच पाणी पूर्वेला धरणाच्या पायथ्याशी सोडलं, तर पडायची उंची शंभर मीटरही भरत नाही. पोफळीहून सुटलेलं पाणी कोळकेवाडीत साठतं, अलोऱ्याला पुन्हा वीज देतं आणि मग चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत जातं. हे शेवटचं पाणी म्हणजे अवजल. इंजिनिअरच्या लेखी ही साधी संज्ञा आहे. लोकांच्या कानाला मात्र 'अव' म्हणजे अवगुणातला 'अव', म्हणून 'वाया जाणारं पाणी' हा अर्थ त्याला कायमचा चिकटला.

कृष्णेच्या खालच्या अंगाच्या राज्यांचा (कर्नाटक, आंध्र) आक्षेप वेगळा होता: कृष्णा खोऱ्याचं पाणी खोऱ्याबाहेर न्यायचंच का? १९६९मध्ये नेमलेल्या लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. माझ्या मते कोयनेच्या इतिहासातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच. वीजगृहाची क्षमता कितीही वाढवली तरी हा आकडा हलत नाही. १९९९मध्ये जलाशयाच्या तळाखालचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवून वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतलं गेलं. या लेक टॅपिंगनंतर १००० मेगावॅटची भर पडली, आणि 'आता जास्त पाणी पळवणार' अशी ओरड झाली. खरं तर तेच पाणी मागणीच्या तासांत जोरात सोडण्याची ती सोय होती. हा फरक मंचावरून कुणी नीट सांगितल्याचं आठवत नाही.

अवजल मुंबईला न्या, कोकणात फिरवा, नाहीतर परत घाटावर चढवा, असे प्रस्ताव निवडणुकीगणिक येतात. घाटावर चढवायचं तर त्या पाण्यातून मिळालेल्या विजेहून जास्त वीज खर्ची पडेल.

चिपळूणचा हिशोब निराळा. मे महिन्यात आजूबाजूचे पऱ्हे कोरडे पडले तरी वाशिष्ठीला पाणी असतं, ते याच अवजलामुळे. वर वीजनिर्मिती थांबली की नदी उतरते आणि शहराच्या नळांना त्याचा फटका बसतो. जुलै २०२१च्या महापुरानंतर मात्र बोट याच पाण्याकडे वळलं. त्या रात्री जनित्रं किती वाजेपर्यंत चालू होती, हा प्रश्न बाजारपेठेतल्या चिखल भरलेल्या दुकानांतून विचारला जाऊ लागला.