बेदाण्याचा बॉक्स आणि भावी आमदार

मागच्या सीझनला तासगावच्या माझ्या मावसभावाला बाहेरदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, सॅम्पल म्हणून दोन 'रेझिन बॉक्स' पाठवा. गड्यानं हिरवा बेदाणा निवडून दोन बॉक्स ठासून भरले आणि कुरिअर करून मोकळा झाला. तिकडून उत्तर आलं की माल नको होता, बॉक्स किती मजबूत आहे ते बघायचं होतं. "दादा, बेदाण्याचा बॉक्स म्हटल्यावर बेदाणा आलाच की त्यात!"

मराठीत विचार केला तर त्याचं खरंय. पाहुण्यांना चहाचा कप दिला म्हणजे भरलेलाच, आणि फडताळात पालथा घातलेला असतो तोही चहाचाच कप. आपला 'चा' दोन्हीकडं चालतो. इंग्लिशमध्ये मात्र 'बॉक्स ऑफ रेझिन्स' म्हणजे भरलेला, आणि 'रेझिन बॉक्स' म्हणजे बेदाण्यासाठी केलेला, आत काही असेल नसेल त्याची गॅरंटी नाही. शिवाय पुढं बसलेलं नाम बहुतेक वेळा एकवचनातच राहतं, म्हणून ते 'रेझिन्स बॉक्स' नाही, आणि बत्तीस दात घासले तरी टूथब्रशचा काय टीथब्रश होत नाही.

खरी गंमत म्हणजे असं नामाला नाम चिकटवलं की त्या दोघांचं नातं काय हे इंग्लिश सांगतच नाही. 'कोकोनट ऑइल' नारळापासून काढतात, म्हणून 'हेअर ऑइल' काढायला कुणी केस घाण्यात घालत नाही. हे आपल्याला शब्दातून नाही कळत, जगाच्या अनुभवातून कळतं. ज्युडिथ लेवी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये ही नाती नऊ प्रकारांत बसवली, यासाठी, यापासून, यात, याबद्दल वगैरे. त्याच्या आदल्याच वर्षी पामेला डाउनिंग यांनी दाखवलेलं की असं सगळंच बसत नाही. त्यांचं उदाहरण 'ॲपल ज्यूस सीट', म्हणजे जिच्यासमोर ॲपल ज्यूसचा ग्लास ठेवलाय ती खुर्ची. तेवढ्या एका नाश्त्यापुरता अर्थ, ग्लास उचलला की संपला. मला डाउनिंगबाईंचं जास्त पटतं.

बोलताना जोर कुठं देता त्यानंही अर्थ फिरतो. मिरजेकडं जरबेराची शेती असते ते 'ग्रीनहाऊस', जोर 'ग्रीन'वर. जोर 'हाऊस'वर गेला की ते शेजाऱ्यानं हिरवा रंग मारलेलं घर. हे ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडं असा जोर चुकल्याचीच एक गोष्ट वेदातल्या तैत्तिरीय संहितेत आहे आणि पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणाच्या ग्रंथातही तिचा उल्लेख येतो. त्वष्टा नावाच्या देवानं इंद्राला मारणारा मुलगा मिळावा म्हणून यज्ञ केला, मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रु'. शेवटच्या अक्षरावर उदात्त, म्हणजे चढा, स्वर दिला तर तत्पुरुष समास, म्हणजे इंद्राला मारणारा. त्यानं दिला पहिल्या अक्षरावर, झाला बहुव्रीही, म्हणजे ज्याला इंद्र मारणार तो. तो मुलगा, वृत्र, जन्माला आला आणि इंद्राच्याच हातून मेला! शाळेत समास घोकताना ही गोष्ट कुणी सांगितली असती तर पाच मार्कांचा तो प्रश्न मी ऑप्शनला टाकला नसता. आणि 'बहुव्रीही' हा शब्द इंग्लिश व्याकरणाच्या पुस्तकांनीही जसाच्या तसा उचललाय, 'रेडहेड' सारख्या शब्दांसाठी, कारण रेडहेड म्हणजे लाल डोकं नाही, लाल केसांचा माणूस.

विशेषणं त्या मानानं साधी वाटतात पण तसं नाहीये. 'रेड ग्रेप' सरळ आहे, लाल पण आणि द्राक्ष पण. 'गुड सर्जन' मध्ये गुड फक्त ऑपरेशनपुरता, क्रिकेटमध्ये तो शून्यावर आउट होत असेल. जागा बदलली तरी घोळ, 'प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद आणि 'मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे मीटिंगला आलेले, सोसायटीच्या प्रोसिडिंगमध्ये हे उलटं लिहिलं तर कोरमची बोंब. आणि काही विशेषणं तर पुढच्या नामाचाच काटा काढतात. 'फेक डायमंड' डायमंड नसतो, 'फॉर्मर मिनिस्टर' आता मिनिस्टर नसतो. याला भाषाशास्त्रात 'प्रायव्हेटिव्ह' म्हणतात, पण सांगलीकराला ते समजवायला फ्लेक्स पुरे. आमच्या चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक 'भावी आमदार' आहेत, दहा वर्षं झाली, फोटो दरवर्षी नवीन असतो, विशेषण तेच.