दहा शंभर, एक-चाळीसवर

तलावाच्या काठावरून प्रशिक्षक एवढंच सांगतात, ‘दहा शंभर, एक-चाळीसवर.’ पाण्यातल्या मुलांना तेवढं पुरतं. १०० मीटर दहा वेळा पोहायचं आणि दर १ मिनिट ४० सेकंदांनी भिंत सोडायची. १:२५ मध्ये परत आलात तर दम घ्यायला १५ सेकंद मिळतात, १:३५ ला आलात तर पाचच. विश्रांतीचं नावही न घेता अख्खा सेट तिच्यावर बेतलेला असतो.

अंतर तेच ठेवून विश्रांती बदलली की व्यायामच बदलतो. जीव तोडून पोहताना पहिले काही सेकंद स्नायू साठवलेलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं रसायन, वापरतात. हा साठा साधारण दहा सेकंदांत बराचसा संपतो. निम्मा भरायला अर्धा मिनिट लागतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणून निव्वळ वेगासाठी आठ पंचवीस, म्हणजे २५ मीटर आठ वेळा, पोहायचे असतील तर प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं. बघणाऱ्याला तो आळस वाटतो. पण ती विश्रांती कापली तर चौथ्या पंचवीसपर्यंत पोहणारा वेगाचा सराव करतच नसतो, थकवा सोसण्याचा करत असतो. तोही कामाचा आहे, पण आपण काय करतोय हे ठाऊक असावं.

मग ते १:२५ आलं कुठून? त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. ४०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही पूर्ण ताकदीनं, मध्ये भरपूर विश्रांती घेऊन पोहायचे. समजा ४०० ला ५ मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला अडीच मिनिटं. वजाबाकी केली तर जादाच्या २०० मीटरला १७० सेकंद, म्हणजे शंभराला ८५, तेच १:२५. वजाबाकी अशासाठी, की साठवलेल्या ऊर्जेचा फायदा दोन्ही अंतरांत जवळपास सारखाच असतो. तो वगळला की उरतो तो ऑक्सिजनच्या जोरावर बराच वेळ टिकणारा वेग. त्याला क्रांतिक वेग म्हणतात. हा आकडा ज्याचा त्याचा वेगळा असतो. सगळ्या लेनला एकच ‘एक-चाळीस’ दिला तर एकासाठी तो रमतगमत पोहणं ठरतो आणि दुसऱ्यासाठी शर्यत. आखणीतली ही चूक मला सर्वांत महागाची वाटते.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर लागणारी शक्ती जवळपास घनाच्या. पहिला शंभर ८५ ऐवजी ८१ सेकंदांत मारला तर वेग पाच टक्क्यांनी वाढतो, शक्ती मात्र सुमारे १५ टक्के जास्त लागते. त्याची किंमत सातव्या-आठव्या शंभराला चुकवावी लागते. तिथं प्रशिक्षकांनी घड्याळाइतकंच हाताकडे पाहावं. पहिल्या लॅपला १६ स्ट्रोक लागत होते आणि आता १९ लागतायत, म्हणजे कोपर खाली पडतंय, पाणी हातातून निसटतंय. असं दिसलं की मी सेट तिथंच थांबवण्याच्या बाजूचा आहे, कारण शरीर चुकीची हालचालही तितक्याच इमानानं शिकतं.

नुसतं अंतर वाढवून काय होतं? व्यायामशास्त्रज्ञ डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये महाविद्यालयीन जलतरणपटूंचे दोन गट केले. सहा आठवडे एक गट दिवसातून एकदा दीड तास पोहला, दुसरा दोनदा. दुप्पट पोहणाऱ्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही.

स्पर्धेआधीच्या टेपरमध्ये, म्हणजे सराव हलका करण्याच्या काळात, तर अंतर मुद्दाम कापतात. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर सर्वांत चांगला ठरलेला टेपर साधारण दोन आठवड्यांचा निघाला: अंतर ४१ ते ६० टक्के कमी, पण वेग आणि सत्रांची संख्या तीच. २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत ९९ जलतरणपटूंच्या वेळा सरासरी दोन टक्क्यांहून थोड्या जास्त सुधारल्या होत्या. ५० सेकंदांच्या शर्यतीत तो पूर्ण एक सेकंद होतो. त्या दिवसांत दहा शंभरांचे पाच होतात, आणि पाचही १:२५ लाच यावे लागतात.