ह्यूस्टनकरांनो, सर्ट व्हॉलंटियर व्हायचं असेल तर वादळाला नाव पडायच्या आधी फॉर्म भरा

दर ऑगस्टच्या शेवटी आमच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, "अगं ते तुझं हिरवं हेल्मेट वगैरे काय असतं, मला पण यायचंय, फॉर्म पाठव ना", आणि तेव्हा टीव्हीवर गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, वादळाचा पांढरा भोवरा गरगर फिरत असतो, कॉस्टकोत पाणी संपलेलं असतं, आणि मला सांगावं लागतं की बाबा रे आता नाही, आता तू गाडीत पेट्रोल भर आणि आईबाबांची औषधं मोज, फॉर्म जानेवारीत भर. मग जानेवारीत कोणी विचारत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकेन.

सर्ट म्हणजे कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम. तुमच्याआमच्यासारख्या, आयटीत किंवा ऑइल कंपनीत नोकरी करणाऱ्या किंवा घरी असणाऱ्या लोकांना थोडं ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे फायर ब्रिगेड पोचेपर्यंतचे पहिले तास किंवा दिवस गल्ली स्वतःला सांभाळू शकते. कल्पना लॉस एंजेलिसच्या फायर डिपार्टमेंटची, १९८५ सालची. त्याच वर्षी मेक्सिको सिटीच्या भूकंपात ट्रेनिंग नसलेल्या साध्या लोकांनी ८०० च्या वर माणसं ढिगाऱ्यातून काढली, पण ते करताना त्यांच्यातलीच सुमारे १०० माणसं गेली. मदत करायची इच्छा असते, पण कसं हे माहीत नसलं की मदत करणाराच अडकतो, यातून हे सगळं निघालं. १९९३ पासून फेमाने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेने, ते देशभर नेलं. आपल्याकडे भारतात आपदा मित्र योजना आहे, साधारण त्याच जातीची, तिथे १२ दिवसांचं ट्रेनिंग असतं. माझं माहेर अलिबागजवळ, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतली सुपारी झोपली, तेव्हा इथे बसून फोन लागत नाही म्हणून जी घालमेल झाली ती झाली, पुढच्या बॅचला मी नाव घातलं.

आता पात्रता. वय १८ पूर्ण हवं. १८ च्या खालच्या मुलांसाठी काही ठिकाणी टीन सर्ट असतं, तिथे आईवडिलांची सही लागते (कॉलेज ॲप्लिकेशनला व्हॉलंटियरचे तास मिळतात म्हणून मुलांना ढकलणारे आईबाबा, मी तुम्हाला ओळखते, पण ढकला, पोरं शिकतात). शरीर दणकट हवं असं काही नाही. गुडघे दुखणाऱ्या एक काकू आमच्या टीममध्ये रेडिओ आणि नोंदी सांभाळतात आणि त्यांच्यासारखी नोंद कोणाला जमत नाही. मेडिकल शिक्षण लागत नाही. तुम्ही ज्या शहराच्या किंवा काउंटीच्या टीममध्ये जाताय तिथे राहत असाल किंवा नोकरी करत असाल तर बरं, कारण प्रत्येक टीमला एक स्पॉन्सर असतो, कुठे फायर डिपार्टमेंट, कुठे पोलीस, कुठे काउंटीचं इमर्जन्सी मॅनेजमेंट ऑफिस, आणि अटी तोच स्पॉन्सर ठरवतो. त्यामुळे शुगरलँडच्या मैत्रिणीला जे चाललं ते केटीत चालेलच असं नाही, आपापल्या काउंटीच्या साइटवर सर्ट शोधा आणि तिथला फॉर्म वाचा.

व्हिसाचा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात म्हणून मोठ्याने लिहिते. हे काम बिनपगारी आहे, मानधन नाही, काही नाही. ग्रीन कार्ड हवंच असा सरसकट नियम फेमाने घातलेला नाही, पण स्थानिक अट फॉर्मवर बघा, आणि एच-वन किंवा एच-फोरवर असाल नि मनात किंतु असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून उत्तर लेखी घेऊन ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या "माझ्या भावाने केलं, काही होत नाही" वर जाऊ नका.

कागदपत्रं फार नाहीत. ड्रायव्हर लायसन्स किंवा स्टेट आयडी, पत्त्याचा पुरावा म्हणून वीज नाहीतर पाण्याचं बिल, बॅकग्राउंड चेकला संमतीची सही, जबाबदारीमुक्तीचा फॉर्म म्हणजे वेव्हर, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट (हा शक्यतो ह्यूस्टनच्या बाहेरचा द्या, डॅलसची वहिनी वगैरे, कारण वादळात नवऱ्याचा फोनही तुमच्यासारखाच बंद असणार). काही टीम फेमाचे फुकट ऑनलाइन कोर्स आधी करून त्यांची सर्टिफिकेटं मागतात, आयएस-१०० आणि आयएस-७०० हे नेहमीचे, आणि आयएस-३१७ ही सर्टची तोंडओळख. त्यासाठी आधी फेमाचा स्टुडंट नंबर काढावा लागतो, एसआयडी म्हणतात, तो कुठेतरी लिहून ठेवा, मी दोनदा हरवला. आणि आयएस-३१७ केला म्हणजे सर्ट झालं असं नाही, प्रत्यक्ष क्लास करावाच लागतो, ही चूक खूप जण करतात.

आता नाव. हे आपल्या लोकांसाठी खास, म्हणून जरा सविस्तर. माझं पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, लायसन्सवर मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर, आणि शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या एका जुन्या कागदावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. फॉर्मवर "इतर कोणत्या नावाने ओळखले जाता का" असा रकाना होता, तिथे मी ऐटीत "नाही" लिहिलं. झालं, बॅकग्राउंड चेक अडकला, ज्या ऑफिसात फॉर्म दिला होता तिथून कोणी कळवलंही नाही, मी सहा आठवडे वाट बघून फोन केला तेव्हा कळलं की फाइल "अपूर्ण" म्हणून बाजूला पडलीय, तोवर बॅच भरून गेली होती. तेव्हा लग्नाआधीचं नाव, वडिलांच्या नावासकट, त्या रकान्यात लिहा. लायसन्सवर जसं छापलंय, अक्षर न् अक्षर तसंच फॉर्मवर टाका, घरात बायकोला सगळे काय म्हणतात ते नको. आणि दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर फोन करा, लाजू नका.

ट्रेनिंग साधारण २० तासांचं, कुठे दोन सलग वीकएंडना, कुठे आठवड्यातून एक संध्याकाळ असं सातआठ आठवडे. एक क्लास बुडला की तो पुढच्या बॅचमध्ये भरून काढेपर्यंत सर्टिफिकेट लटकतं, म्हणून भारतवारीच्या तारखा बघून बॅच निवडा. शिकवतात काय तर घराची तयारी, छोटी आग, जखमींची मदत, हलकं शोधकार्य, माणसं घाबरली की कशी वागतात, टीम कशी चालते, आणि शेवटी एक पूर्ण सराव. आगीचं सांगते. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दाबायची, डावीकडून उजवीकडे फिरवायची, आणि पाच सेकंदांत आग दबली नाही तर मागे फिरायचं. आत शिरताना बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात आणि जोडीदार हवाच, एकट्याने काही म्हणजे काही करायचं नाही. भिंत पडून कोणाचा पाय अडकला असेल तर पहारीसारख्या दांड्याने ती उचलायची आणि खाली लाकडी ठोकळे चौकटीत रचत जायचे, एक इंच उचललं की एक इंच टेकू. सरावात आमच्या चौघांतला एक दणकट पंजाबी मुलगा जोशात एकदम फूटभर उचलायला गेला आणि दांडा सटकला, पुतळ्याच्या पायावर सगळं आलं, ट्रेनर शांतपणे म्हणाला की आता याचा पाय दोनदा मोडला. रक्त जोरात वाहत असेल तर दाब, आणि हातापायाला टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) लावलं तर लावल्याची वेळ लिहून ठेवायची, ही वेळ लिहायची गोष्ट माझ्या डोक्यात इतकी बसलीय की मी कुकर लावला तरी घड्याळ बघते. गॅसचा मेन व्हॉल्व्ह बंद करायला शिकवतात पण तो उगाच बंद करायचा नाही, वास आला किंवा हिस्स आवाज आला तरच, कारण एकदा बंद केलेला गॅस आपण परत चालू करायचा नसतो, त्यासाठी कंपनीचा माणूसच लागतो, आणि वादळानंतर तो कधी येईल देव जाणे.

पास झालात की सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि बहुतेक ठिकाणी हिरवी बॅग मिळते, हेल्मेट, व्हेस्ट, गॉगल, हातमोजे. काही ठिकाणी पैसे पडतात, आधी विचारा.

आता प्रत्यक्ष वादळ येतंय तेव्हा काय. हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात जोर १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे थोडक्यात आपले गणपती. २०१७ ला गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वी वादळ टेक्सासच्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. ज्यांच्याकडे तेव्हा गणपती बसले होते त्यांना विचारा. हार्वीत टेक्सासमधल्याच नेडरलँड गावाला ६०.५८ इंच पाऊस पडला. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर साधारण ४८ तास आधी वॉच (म्हणजे वादळ येऊ शकतं) देतं आणि ३६ तास आधी वॉर्निंग (म्हणजे येणार असं धरा), आणि हे तास वादळाचा डोळा पोचायचे नाहीत हं, ताशी ३९ मैलांचे वारे सुरू व्हायचे, कारण ते सुरू झाले की बाहेरची तयारी संपली. वॉच लागलं की आमच्या टीमचा टेक्स्ट येतो, "उपलब्ध आहात का". तिथे हो लिहायच्या आधी क्रम लक्षात ठेवा, आधी मी, मग घर, मग शेजार, मग टीम. घरी दोन लहान मुलं आणि खिडक्या उघड्या असताना हो लिहू नका, नाही लिहिलंत तर कोणी रागावत नाही.

कामं कसली असतात हे ऐकून निम्मे लोक हिरमुसतात. बोटीतून कोणाला काढायचं वगैरे आपल्याकडे नाही. वादळाआधी फोनवर बसायचं, वयस्क लोकांच्या दारावर जाऊन औषधं आणि ऑक्सिजन मशीनची वीज विचारायची, शेल्टरमध्ये नोंदी. वादळानंतर आपल्या भागात फिरून नुकसानीचा फॉर्म भरायचा, कुठे तार पडलीय, कुठे पाणी, कुठे गॅसचा वास, आणि पाणी-बर्फ वाटप केंद्रावर गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं. जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, कॅटेगरी १ चं, म्हणजे पायरीत सगळ्यात खालचं, तरी २० लाखांच्या वर ग्राहकांची वीज गेली आणि जुलैच्या उकाड्यात कित्येकांना दिवसेंदिवस आली नाही. तेव्हा बर्फाची पिशवी हातात घेतलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, इन्सुलिन यात ठेवू का. थेट बर्फावर नको, गोठलं की वाया जातं, मध्ये टॉवेल ठेवा, एवढंच सांगितलं, पण त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं तेच असावं. आणि दारोदार फिरताना जनरेटर दिसला की बघायचं घरापासून २० फूट लांब आहे ना, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवणारे भेटतात, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हे त्यांना दारातच समजावायचं.

बोलावल्याशिवाय व्हेस्ट घालून जायचं नाही. शेजाऱ्याला शेजारी म्हणून मदत करा, कोण अडवतंय, पण टीमच्या नावाने स्वतःहून दुसऱ्या गावी निघालात तर कायद्याचं कवच विसरा. १९९७ चा फेडरल व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्ट आहे, पण तो नेमून दिलेल्या कामापुरताच, आणि गाडी चालवताना तुमच्याकडून काही झालं तर तो लागूच नाही, तिथे तुमचा स्वतःचा इन्शुरन्स. पाण्यातून गाडी घालायचा मोह टाळा, १२ इंच वाहतं पाणी छोटी गाडी नेतं.

आईबाबांचं शेवटी, कारण हे फॉर्ममध्ये नसतं. आपल्याकडचे बहुतेक आईबाबा मेमध्ये येतात आणि सहा महिने राहतात, म्हणजे जवळजवळ अख्खा हरिकेन सीझन त्यांचा मुक्काम. तुम्ही ड्यूटीवर गेलात आणि वीज गेली तर घरी ते दोघंच, गाडी नाही, इथला फोन नीट वापरता येत नाही. टेक्सासमध्ये २-१-१ वर फोन करून स्टीअर नावाच्या यादीत नाव घालता येतं, ज्यांना वीज लागणारं मशीन आहे किंवा हलवायला मदत लागते अशांसाठी. दर वर्षी नव्याने घालावं लागतं, आणि नाव घातलं म्हणजे कोणी नक्की येईल अशी हमी नाही. सासूबाईंना मी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत मराठीत तीन ओळी चिकटवून दिल्यात, शेजारच्या घराचा नंबर, औषधांचा डबा कुठे आहे, आणि दार कोणाला उघडायचं. त्यांनी खाली पेनने चौथी ओळ लिहिलीय, "देवासमोरची समई पेटती ठेवू नये, गॅसचा वास आल्यास आधी विझवणे".