उभी गाडी तापते की धावती? हॉट रॉडमध्ये पंखा नेमका कुठे कामाला येतो

हॉट रॉड म्हणजे फेरफार करून जास्त ताकदवान केलेली जुनी गाडी. तिच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठा इलेक्ट्रिक पंखा बसवा. सल्ला अर्धा बरोबर आहे. काटा एकच असला तरी त्यामागची दुखणी दोन असतात. एक गाडी उभी असताना किंवा रांगत असताना होतं, दुसरं गाडी चांगल्या वेगात पळत असताना. पहिलं बहुधा हवेचं दुखणं असतं. दुसरं पाण्याचं, किंवा इंजिनात गरजेपेक्षा जास्त तयार होणाऱ्या उष्णतेचं. पंखा पहिल्यावर रामबाण आहे. दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही, उलट कधी कधी तो आडवाच येतो. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी काटा चढतो तेव्हा गाडी काय करत असते, हे नीट पाहावं.

हॉट रॉडमध्ये हा गोंधळ जास्त होतो, कारण गाडीचं मूळ गणितच बदललेलं असतं. फोर्डने १९३२ साली २२१ घनइंचांचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन आणलं तेव्हा त्याची ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. त्याच गाडीच्या उंच, अरुंद जाळीमागे पुढे लोकांनी ३५० घनइंचांची शेव्हरोलेची इंजिनं बसवली आणि ताकद कित्येक पटींनी वाढवली. ढोबळमानाने पाहिलं तर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला येतो, तेवढाच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि उरलेला कूलंटला, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याला, वाहून न्यावा लागतो. इंजिन वाढलं, रेडिएटरची जागा तेवढीच राहिली. ज्यांनी हौसेने मूळ फ्लॅटहेड जपलं त्यांचीही सुटका नाही. त्या इंजिनात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य ठोकळ्यातच असतात आणि जळालेला वायू ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीला लागून गेलेल्या वाटांनी बाहेर पडतो. जाता जाता तो पाणी तापवूनच जातो.

आधी उभ्या गाडीकडे पाहू. आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, इंजिन फार उष्णता तयार करत नाही. लहान रेडिएटरही ती सहज बाहेर टाकू शकतो, पण त्यातून हवा गेली पाहिजे. समोरून वारा नसतो, त्यामुळे पंखा ओढेल तेवढीच हवा. बेल्टवर चालणारा पंखा इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. मिनिटाला ७०० फेऱ्यांवर, म्हणजे जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, तो सगळ्यात मंद असतो. आणि हायवेवर गरज नसताना जोरात फिरतो. फेरे दुप्पट झाले की त्याला लागणारी ताकद आठपट होते, ती इंजिनच देतं. इलेक्ट्रिक पंख्याचं बळ इथेच आहे: इंजिन किती फिरतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तरीही नवा पंखा लावून काटा तिथेच राहिला, अशा तक्रारी कायम ऐकू येतात. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ श्राउडमध्ये, म्हणजे पंख्याभोवतीच्या कवचात असतं. हिशेब करून पाहा. १६ इंची पंख्याचं वर्तुळ सुमारे २०० चौरस इंचांचं. रेडिएटरचा गाभा १८ बाय २२ इंच असेल तर क्षेत्रफळ होतं ३९६ चौरस इंच. पंखा गाभ्याला थेट चिकटवून बसवला तर हवा मुख्यतः त्या वर्तुळातूनच जाते आणि जवळपास अर्धा रेडिएटर नुसता उभा राहतो. गाभ्याच्या चारही कडा झाकणारं, गाभ्यापासून पंख्याला इंचभर तरी अंतर देणारं कवच लावलं की तोच पंखा सगळ्या गाभ्यातून हवा ओढतो. बेल्टवरच्या पंख्यालाही हे लागू आहे. त्याची पाती साधारण अर्धी कवचात, अर्धी बाहेर असावीत. पंख्याच्या आकड्यांवर जितकी चर्चा होते तिच्या निम्मी श्राउडवर झाली असती तर कितीतरी गाड्या रांगेत उभ्या असताना वाफाळल्या नसत्या.

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला बसून ओढणारा असावा. पुढे बसून ढकलणारा पंखा तुलनेने कमी काम करतो आणि वेगात तोच वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. जागाच नसेल तर ढकलणारा घ्यावा, तो नाइलाज म्हणून. दिशाही तपासावी. फोर्डच्या गाड्यांना १९५५ सालापर्यंत ६ व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थची वायरिंग होती, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असायचं. मूळ वायरिंग जपलेल्या गाडीत नेहमीच्या सवयीने तारा जोडल्या तर पंखा उलटा फिरतो. शिवाय १२ व्होल्टचा पंखा ६ व्होल्टवर अगदी मरगळलेला चालतो. जाळीवर कागदाचा कपटा धरून पाहावा. ओढणाऱ्या पंख्याने तो घट्ट चिकटला पाहिजे.

विजेचाही विचार हवा. असा पंखा २० अँपिअरच्या आसपास करंट घेतो, सुरू होताना त्याहून बराच जास्त. जुना डायनॅमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही, म्हणून पंखा बॅटरीच खातो. चांगला अल्टरनेटर, स्वतंत्र रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि जाड वायर एवढं तरी लागतंच. बारीक वायरीत व्होल्टभर दाब हरवला तरी पंखा मंदावतो, आणि दोष पंख्यावर जातो.

उभ्या गाडीच्या तापण्याचं आणखी एक कारण आहे, त्याचा हवेशी संबंध नाही: ठिणगीची वेळ. आयडलवर सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, त्यात मागचा जळालेला वायूही मिसळलेला असतो, त्यामुळे ते हळू जळतं. ठिणगी लवकर पडायला हवी. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं व्हॅक्यूम अॅडव्हान्स ते काम करतं. पण रेसिंगच्या हौसेने अनेक जण ते काढून टाकतात. मग मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं, एक्झॉस्टच्या वाटा तापतात आणि ती उष्णता पाण्यात उतरते. अशा इंजिनला व्हॅक्यूम अॅडव्हान्स परत जोडल्यावर काटा खाली येतो, आणि लोकांना खरं वाटत नाही.

आता धावती गाडी. ताशी ३५-४० मैलांच्या पुढे समोरचा वारा पंख्यापेक्षा जास्त हवा रेडिएटरमधून ढकलतो. म्हणून एक सोपी परीक्षा आहे: सपाट हायवेवर, काटा स्थिर असताना, पंखा हाताने बंद करून पाहायचा. काटा हलला नाही तर वेगात पंख्याचा काही वाटा नाही, आणि मोठा पंखा लावूनही वेगातलं तापणं थांबणार नाही. इथे पूर्ण झाकणारं श्राउडही कधी नडतं, कारण वारा फक्त पंख्याच्या भोकातूनच निघू शकतो. त्यात रबरी झडपा बसवल्या की वेगात त्या उघडतात आणि उभ्या गाडीत मिटतात. हवेला बाहेर पडायलाही वाट हवी. बॉनेटच्या बाजू बंद असतील आणि मोठं इंजिन फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत, दाटीवाटीने बसलेलं असेल तर आत दाब साठतो आणि पुढून हवा शिरेनाशी होते. बाजूचे पत्रे काढून एक फेरी मारली की हे लगेच कळतं.

हवेत दोष नसेल तर पाणी तपासायचं. जुन्या रेडिएटरच्या नळ्या गंजाने आणि क्षारांनी चोक झालेल्या असतात. आयडलच्या थोड्या उष्णतेला असे रेडिएटर पुरे पडतात, हायवेवर नाही. खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने जास्त फेऱ्यांवर आत चपटा होतो. आयडलवर हे दिसत नाही, बॉनेट उघडून इंजिनचे फेरे वाढवले की दिसतं. त्यात स्प्रिंग असलेला पाइप घालावा. कार्ब्युरेटरचं मिश्रण फार पातळ असणं, हेड गॅस्केट गळणं, ब्रेक चिकटलेले असणं हेही याच गटात येतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्लाही फिरत असतो, आणि त्यातून गाडी जास्त तापली की ‘पाणी इतक्या वेगाने जातं की त्याला निवायला वेळच मिळत नाही’ असं सांगितलं जातं. हे खरं नाही. प्रवाह वाढला तर उष्णता जास्तच वाहते. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये दाब टिकतो आणि गरम कोपऱ्यांत वाफेचे बुडबुडे धरत नाहीत, त्याचा फायदा असतो. तो राहू द्यावा.

दोन्ही दुखणी वेगळी करायला सगळ्यात कामाचं साधन म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान मोजावं. पाणी गरम शिरून जवळपास तेवढंच गरम बाहेर पडत असेल तर हवा कमी आहे. पंखा, श्राउड, दिशा बघा. इंजिन तापलेलं, पण खालून पाणी बरंच थंड निघत असेल तर पाणीच पुरेसं फिरत नाही. पंप, होज, थर्मोस्टॅट बघा. गाभ्यावरून थर्मामीटर फिरवताना मधेच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

पंख्याचा स्विच लावताना एक पथ्य पाळावं. थर्मोस्टॅट १८० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे ८२ सेल्सिअसचा असेल तर पंखा १९५ च्या आसपास सुरू व्हावा आणि १८५ च्या सुमारास बंद. सेन्सर इंजिनच्या पाण्यात असताना पंखा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर पंखा कधी थांबतच नाही.

दोन्ही दुखणी एकत्र येतात ती लांब चढावर. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन पाससारख्या घाटात उन्हाळ्यात गाडी हळू, इंजिनवर भार पूर्ण, आणि समोरचा वारा अर्धामुर्धा. तिथे चांगला पंखाही लागतो आणि निरोगी रेडिएटरही. काटा चढू लागला तर एक गिअर खाली घ्यावा, म्हणजे पंप जोरात फिरतो. हीटर असेल तर तो पूर्ण उघडावा, कारण तो छोटा रेडिएटरच असतो. थांबावं लागलं तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. १५ पाउंड दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीही २५० अंश फॅरनहाइटच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि दाब सुटला की तेच क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. इंजिन पूर्ण निवल्यावर, झाकणावर जाड फडकं धरून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावं आणि फुसफुस थांबल्यावरच पुढे काढावं.